गॅलरीतून दिसलेली खुर्ची

लालबागच्या एका रद्दीवाल्याकडून फार वर्षांपूर्वी घेतलेली अरुण साधूंच्या 'सिंहासन'ची एक प्रत माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलेला, पाठीला खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली, आत कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा जांभळा, पुसट शिक्का. प्रत जपून ठेवावी असे जे काही आहे ते तिच्या समासात आहे. मुख्यमंत्र्यांचा उल्लेख पहिल्यांदा येतो तिथे कुणीतरी पेन्सिलीने एका खऱ्या पुढाऱ्याचे नाव लिहिले आहे. त्यावर फुली मारून खाली तिरक्या अक्षरात दुसऱ्याच कुणी दुसरे नाव घातले आहे. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्या वाट्याला तीन नावे आली आहेत आणि तिसऱ्यापुढे 'नक्की!' असा ठाम शेरा आहे. म्हणजे निदान तीन वाचकांनी, बहुधा वेगवेगळ्या दशकांत, हे पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचले. वार्ताहर दिगू टिपणीसच्या नावापुढे मात्र कुणीच काही लिहिलेले नाही.

हा ओळखाओळखीचा खेळ गिरणगावात सुरू झालेला नाही. त्याचा माग काढायचा तर आपल्याला १८४४ च्या लंडनमध्ये जावे लागते. त्या वर्षी बेंजामिन डिझरायली या तरुण खासदाराची 'कॉनिंग्जबी' ही कादंबरी आली आणि पाठोपाठ बाजारात तिच्या 'किल्ल्या' विकायला आल्या. किल्ली म्हणजे एक चोपडे: कादंबरीतला अमुक उमराव म्हणजे खरा तमुक, कारस्थानी रिग्बी म्हणजे जॉन विल्सन क्रोकर, अशी यादी. आपल्याकडे जे काम पेन्सिलीने फुकट केले ते तिथे छापून विकले गेले, एवढाच फरक. डिझरायलीचा हात या खेळात आधीच बसलेला होता. १८२६ साली, विशीत असताना, त्याने 'व्हिव्हियन ग्रे' निनावी छापून लंडनच्या बैठकींत खळबळ उडवली होती. पण 'कॉनिंग्जबी'मागे एक ताजी जखम होती. १८४१ मध्ये रॉबर्ट पील पंतप्रधान झाले तेव्हा डिझरायलीने मंत्रिपदासाठी स्वतः पत्र लिहून शब्द टाकला आणि तो नाकारला गेला. खाते मिळाले नाही म्हणून माणसाने कादंबरी लिहिली. 'कॉनिंग्जबी'च्या पुढच्याच वर्षी 'सिबिल' आली आणि १८४६ मध्ये धान्य कायद्यांच्या वादात त्याच पीलचे सरकार पाडायला या लेखकाने हातभार लावला. १८६८ साली तो स्वतः पंतप्रधान झाला, तेव्हा तेल चोपडलेल्या खांबाच्या टोकाला पोहोचलो, असे तो म्हणाल्याचे सांगतात. लालबाग-परळच्या वाचकाला इथे दहीहंडी आठवल्यावाचून राहणार नाही. हंडी फोडणाऱ्याचे पाय कुणाच्या खांद्यावर होते हे तिथेही नंतर कुणी विचारत नाही. १८८० मध्ये सत्ता गेल्यावर त्याने 'एन्डिमियन' दिली आणि लाँगमन या प्रकाशकाने तिचे दहा हजार पौंड मोजले. सत्तेबाहेर पडल्यावर राजकारण्याला एवढे मानधन नंतरही क्वचितच मिळाले असेल.

डिझरायलीने वाट पाडली आणि अँटनी ट्रोलप नावाच्या पोस्टखात्यातल्या अधिकाऱ्याने तिचा राजरस्ता केला. ट्रोलपला आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती, पार्लमेंटात बसायचे होते. नोकरी सोडून तो १८६८ मध्ये बेव्हर्ली या गावातून उभा राहिला, भरपूर पैसे घालवले आणि चार उमेदवारांत चौथा आला. त्या गावात मते इतकी उघड विकली जात की पुढे पार्लमेंटने गावाचा प्रतिनिधी पाठवण्याचा हक्कच काढून घेतला. जे मिळाले नाही ते ट्रोलपने कागदावर मिळवले. 'फिनियस फिन', 'फिनियस रीडक्स', 'द प्राइम मिनिस्टर' अशा सहा कादंबऱ्यांत त्याने सत्तेच्या शिडीची एकेक पायरी चढून दाखवली. फिनियस हा आयरिश डॉक्टरचा देखणा, कफल्लक मुलगा. त्या काळी खासदाराला छदामही पगार नव्हता. वर्षाला ४०० पौंड मिळू लागले ते १९११ पासून. त्यामुळे फिनियसच्या गोष्टीचे कोडे घरभाड्याइतके व्यावहारिक आहे. पोटाला पैसा हवा म्हणून सरकारातली जागा हवी, जागा टिकवायची तर पक्ष सांगेल तिकडे मत द्यायला हवे, आणि आयरिश कुळांच्या हक्काचा प्रश्न आला की मन तिकडे जात नाही. शेवटी तो जागा सोडतो. याच मालिकेतला प्लँटाजेनेट पॅलिसर हा सत्तेपेक्षा दशमान नाण्यांच्या प्रेमात पडलेला अर्थमंत्री मला फार आवडतो. बिचाऱ्याला ते काही जमले नाही. इंग्लंडमध्ये दशमान नाणी आली फेब्रुवारी १९७१ मध्ये. आपण आणे-पै मोडून नवे पैसे १ एप्रिल १९५७ लाच चालू केले होते.

या कादंबऱ्यांचा गाभा काय, हे नीट पाहिल्याशिवाय अशी कादंबरी मुंबईत इतक्या उशिरा का उगवली ते कळणार नाही. महत्त्वाकांक्षी माणूस काही नवा नव्हता. दरबार होते तिथे तो होताच. आपल्या बखरी त्याच्या उलाढालींनी भरलेल्या आहेत आणि 'राजकारण' हा शब्द त्या वेळी बहुतेकदा अशा गुप्त उलाढालीसाठीच येतो. पण दरबारात एका माणसाची मर्जी सांभाळली की काम होते. सभागृहात डोकी मोजावी लागतात. कोण आपल्या बाजूला, कोण कुंपणावर, कुणाला खाते हवे, कुणाला नुसती विचारपूस पुरे, कोण मतदानाच्या दिवशी नेमका आजारी पडेल. ही बेरीज रोज मोडते आणि रोज नव्याने मांडावी लागते. तिथे तलवारीचे काम प्रतोदाची वही करते. शिवाय हरलेला माणूस मरत नाही. तो समोरच्या बाकावर बसून हसत असतो आणि पुढच्या अंकात परत येतो. लंडनच्या त्या सभागृहात कुणाची स्वतःची खुर्चीही नसते, नुसते हिरवे बाक, आणि तेही सगळ्या सभासदांना पुरत नाहीत. खुर्ची ही आपली प्रतिमा. सिंहासनाच्या जागी लाकडी आसन आले तरी आपण त्याच्याकडे सिंहासन म्हणूनच पाहत राहिलो.

आता आपण मुंबईत येऊ. पार्लमेंट हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर बराच आधी पडला होता. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली, त्यांत इंग्लंडच्या पार्लमेंटचे कौतुक आहे आणि तसे काही या देशातही असावे ही इच्छाही. २६ ऑगस्ट १८५२ रोजी गिरगावचे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, दादाभाई नौरोजी आदी मंडळींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली, ती मुख्यतः त्या पार्लमेंटला अर्ज पाठवण्यासाठी. दहा वर्षांनी, २२ जानेवारी १८६२ रोजी, मुंबईच्या विधिमंडळाची पहिली बैठक टाऊन हॉलमध्ये भरली. नाना शंकरशेट त्याचे सभासद होते. टाऊन हॉल म्हणजे आजची एशियाटिक. कायदे करणारे आणि इंग्रजी पुस्तकांची कपाटे एकाच छपराखाली होती. पण नानांना तिथे कुणी निवडून दिले नव्हते, गव्हर्नरने नेमले होते. सभासदत्व ही शेवटची पायरी, तिच्यावर काही नाही. ना मंत्रिपद, ना पक्ष, ना पडू शकेल असे सरकार. जिथे शिडी नाही तिथे शिडी चढणाऱ्याची कादंबरी कशी होणार?

पुस्तके मात्र येत राहिली. १८४५ साली निघालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी धोबीतलावला वाचकांची वाट पाहत होती. १८८६ पासून मॅकमिलनने वसाहतींसाठी स्वस्त पुस्तकांची मालाच काढली. १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली आणि ठाकूरद्वारच्या आसपास चाळीत राहणाऱ्या कारकुनाला हक्काचे वाचनालय मिळाले. पण आपल्या वाचकाने इंग्रजी कपाटातून उचलले कुणाला? ट्रोलपला नव्हे, जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्सला. 'मिस्टरीज ऑफ लंडन' हे त्याचे रहस्यचक्रही नेमके १८४४ सालचे. तळघरे, विषप्रयोग, उमरावांची पापे, अब्रू वाचवणाऱ्या अबला असा ऐवज. इंग्रज समीक्षक नाक मुरडत आणि हिंदुस्थानी वाचक पुस्तकाची पाने सुटेपर्यंत वाचत. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती', १८८५ सालची, रेनल्ड्सच्याच धर्तीवर उभी आहे. यात एक गंमत आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. रेनल्ड्स हा चार्टिस्ट होता; १८४८ मध्ये ट्रॅफल्गर चौकात सभा गाजवणारा, मजुराला मत मिळावे म्हणून भांडणारा. म्हणजे सत्तेच्या बाहेर उभे राहून, रस्त्यावरून, वरच्यांचे वाडे न्याहाळणारा लेखक आपण आपला मानला. आत बसून आतली गोष्ट सांगणाऱ्यापेक्षा तो जवळचा वाटला. ही निवड पुढे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मधल्या काळात मुंबईने खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात तीन माणसे पाठवली. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या दादाभाईंनी १८८६ मध्ये होबर्नला हार खाल्ली. १८९२ च्या जुलैमध्ये सेंट्रल फिन्सबरीला त्यांची मते मोजली तेव्हा आघाडी निघाली तीन मतांची. फेरमोजणीत ती पाच झाली. 'नौरोजी' म्हणताना जीभ अडखळणाऱ्या गोऱ्या मतदारांनी त्यांचे 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकले. गणिताच्या प्राध्यापकाला इतके छोटे आणि इतके मोठे उत्तर पुन्हा मिळाले नसेल. १८९५ मध्ये ते हरले आणि त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी विरुद्ध पक्षाकडून निवडून आले. तिसरे शापुरजी सकलातवाला, १९२२ मध्ये बॅटर्सीहून, पक्के कम्युनिस्ट. तिघे मुंबईचे, तिघे पारशी, पण एक उदारमतवादी, एक हुजूरपक्षाचा आणि एक लाल बावट्याचा. ट्रोलपच्या हाती हा ऐवज लागता तर त्याने सहाच्या नऊ कादंबऱ्या केल्या असत्या. मराठीत त्यावर कादंबरी झाली नाही. तारेने येणाऱ्या बातम्या हीच आपली क्रमशः कादंबरी होती. वर्तमानपत्र आणि कादंबरी यांची सरमिसळ आपल्याकडे अशी आधीपासूनची आहे.

शिडी नसलेल्या काळात महत्त्वाकांक्षा ऐतिहासिक कादंबरीत आणि रंगभूमीवर गेली आणि तिने जुने पोशाख चढवले. आपट्यांनी 'चंद्रगुप्त' या कादंबरीत चाणक्याला उभे केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू'मध्ये पेशव्यांच्या घरात कारस्थानी माणूस आणून बसवला आणि १९०७ च्या 'कीचकवधा'त महाभारताच्या आडून सरळ लॉर्ड कर्झनकडे बोट दाखवले. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली, म्हणजे किल्ली सरकारलाही लागली होती. खाडिलकर हे मुळात पत्रकार, 'केसरी'च्या मुशीतले. १९२३ साली त्यांनी गिरगावातून 'नवाकाळ' सुरू केला. संपादकाच्या टेबलावरचे राजकारण आणि रंगमंचावरचे राजकारण एकाच दौतीतून निघत होते.

शिडी आली ती टप्प्याटप्प्याने. १९१९ च्या सुधारणांनी काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिली. १९२८ पासून मुंबईचे कायदेमंडळ रीगल सिनेमासमोरच्या जुन्या सेलर्स होममध्ये बसू लागले. दर्यावर्दी खलाशांसाठी बांधलेले ते वसतिगृह, आज तिथे राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे. आणि १९३७ साली निवडून आलेल्या विधानसभेला जबाबदार असे सरकार बनले. बाळासाहेब खेरांच्या पदाचे नाव त्या वेळी 'प्रधानमंत्री' असे होते, मुख्यमंत्री नव्हे. या पहिल्याच खेपेला खरीखुरी कादंबरी घडली. मुंबई काँग्रेसचे वजनदार पुढारी, शहराचे महापौर राहिलेले के. एफ. नरिमन यांना नेतेपद आपल्याकडे येणार अशी खात्री होती. पक्षाने खेरांना निवडले. नरिमन यांनी तक्रार केली, चौकशी झाली, गांधीजींपर्यंत प्रकरण गेले आणि निकाल नरिमन यांच्या विरुद्ध लागला. आज त्यांचे नाव समुद्र हटवून केलेल्या जमिनीला आहे आणि विधानभवन तिथेच उभे आहे. त्याच निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातून डॉ. आंबेडकर निवडून आले. परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहून नुकतेच ते दादरला हिंदू कॉलनीत 'राजगृहा'त गेले होते, पुस्तकांना जागा पुरावी म्हणून बांधलेल्या घरात. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ पैकी १४ जागा जिंकल्या. गिरणगावच्या चाळीत 'आपला आमदार' हा शब्द तेव्हापासून बोलला जाऊ लागला असावा.

याच सुमाराला मराठी राजकीय कादंबरीही उगवते, आणि दोन तोंडांनी. १९३३ साली ग. त्र्यं. माडखोलकरांची 'मुक्तात्मा' आली. मराठीतली पहिली राजकीय कादंबरी म्हणून समीक्षक तिचेच नाव घेतात. माडखोलकर पुन्हा पत्रकारच. पुढे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक, आणि १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, जिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्यांचे नायक ध्येयवादी आणि नायिका विलक्षण सुंदर असत. सभागृहापेक्षा दिवाणखान्यात त्यांचे राजकारण अधिक रंगे. त्याच १९३३ मध्ये मामा वरेरकरांची 'धावता धोटा' आली आणि ती मात्र थेट गिरणीत शिरली. मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा हे नावच पुरेसे बोलके आहे. भोंगा, साचे, बदलीवाल्यांची रांग, संप. पुढारी कसा तयार होतो ते खालून दिसते. वरेरकर पुढे राज्यसभेवर नियुक्त झाले, म्हणजे सभागृह त्यांनी नंतर पाहिले, गिरणी आधी. माझ्या मते मराठी राजकीय कादंबरीची खरी थोरली बहीण 'धावता धोटा'च.

१ मे १९६० ला राज्य मिळाले आणि सगळा सरंजाम मराठीत आला: अविश्वास ठराव, खातेवाटप, विस्तार, नाराज गट, श्रेष्ठी. त्याची टिंगलही लगेच आली. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात राजा आणि कोतवाल होते, पण नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले दादा कोंडके रोजच्या वर्तमानपत्रातले मंत्री त्यात ओढून आणत आणि प्रयोग आज काय म्हणेल याचा नेम नसे. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडले. गिरणगावात गोष्ट अधिक काळी झाली. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याच्या भागात भगवा लागला. लंडनच्या कादंबरीत जागा रिकामी होते ती बहुधा म्हातारा उमराव गेल्यामुळे.

हे सगळे रोज जवळून कोण पाहत होते? मंत्री नव्हेत, मंत्र्यांना स्वतःपलीकडे पाहायला सवड नसते. पाहत होते ते वार्ताहर. इथे आपल्याला पुन्हा लंडनला एक धावती फेरी मारावी लागेल. १८३० च्या दशकात जुन्या पार्लमेंटच्या कोंदट गॅलरीत लघुलिपीत भाषणे टिपणारा एक पोरगेला बातमीदार होता, चार्ल्स डिकन्स. त्याने राजकारण्यांना इतके ऐकले की जन्मभर त्यांच्याविषयी त्याचे मत चांगले झाले नाही. उभे राहण्याची गळ घातली तरी तो उभा राहिला नाही. 'डेव्हिड कॉपरफील्ड'चा नायक पार्लमेंटचा बातमीदार होतो ते त्याचेच आयुष्य. म्हणजे इंग्रजीत दोन घराणी झाली. एक डिझरायली-ट्रोलपचे, ज्यांना आत जायचे होते. दुसरे गॅलरीतून पाहणाऱ्याचे. इंग्रजीत पहिले घराणे वाढले. मराठीत दुसरे.

अरुण साधू हे त्या दुसऱ्या घराण्याचे. १९४१ साली अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात जन्मलेले, मुंबईत इंग्रजी वर्तमानपत्रांत बातमीदारी केलेले, पुढे 'फ्री प्रेस जर्नल'चे संपादक. सचिवालयाच्या मजल्यांवर ते उमेदवारी करत होते तेव्हा ते अजून सचिवालय होते. १९७५ मध्ये त्याचे मंत्रालय झाले, आणि कारभार नावाप्रमाणेच सचिवांकडून मंत्र्यांकडे सरकला. १९७२ मध्ये साधूंची 'मुंबई दिनांक' आली. शहर हीच नायिका, आणि मुख्यमंत्र्यापासून फूटपाथपर्यंत सगळे एकाच भोवऱ्यात. मग १९७७ मध्ये 'सिंहासन'. दाभाडे अर्थमंत्री आहेत, त्यांना मुख्यमंत्री व्हायचे आहे, त्यासाठी डोकी मोजायची आहेत. पिढ्यान्‌पिढ्या दरबारी कारस्थानावर पोसलेल्या मराठी वाचकाला इथे पहिल्यांदा सभागृहाचे अंकगणित कादंबरीत वाचायला मिळाले. भाषा बातमीची, तुकड्यातुकड्यांची, दूरध्वनीवरच्या अर्धवट वाक्यांची. ट्रोलपला फिनियसविषयी जिव्हाळा आहे, कारण ट्रोलपलाच फिनियस व्हायचे होते. साधूंना दाभाडे व्हायचे नव्हते. त्यांची नजर कुतूहलाची आहे, थोडी थकलेली, आणि त्यामुळेच क्रूर नाही.

पुढच्याच वर्षी वास्तवाने कादंबरीची बरोबरी केली. १८ जुलै १९७८ रोजी वसंतदादा पाटलांचे सरकार जाऊन पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि शरद पवार वयाच्या अडतिसाव्या वर्षात मुख्यमंत्री झाले. पेन्सिलींना ऊत आला असणार. पुस्तक आधी लिहिलेले होते ही तारीख कुणी पाहत नव्हते. १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी दोन्ही कादंबऱ्यांवर 'सिंहासन' हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. तेही गिरगावात जन्मलेले आणि वर्तमानपत्रांत उमेदवारी केलेले, म्हणजे खाडिलकरांचेच शेजारी. अरुण सरनाईकांचा सावध मुख्यमंत्री, श्रीराम लागूंचा दाभाडे, सतीश दुभाषींचा कामगार नेता डिकास्टा. पण चित्रपट कुणाचा, असे विचारले तर नाव येते निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसचे. खलनायकीसाठी ओळखल्या जाणाऱ्या नटाला पटेलांनी खांद्याला पिशवी अडकवलेला, सगळे ठाऊक असलेला आणि काहीही करू न शकणारा वार्ताहर केले. शेवटी खुर्ची जागच्या जागी राहते आणि दिगूचे हसू थांबत नाही.

यानंतर इंग्रजी घराणे मुंबईत पुन्हा आले ते फूटपाथवरून. १९८४ मध्ये माजी खासदार जेफ्री आर्चरची 'फर्स्ट अमंग इक्वल्स' निघाली. पंतप्रधानपदाकडे धावणाऱ्या खासदारांची ही शर्यत अमेरिकेत छापताना त्याने एक अख्खा स्पर्धकच गाळून टाकला; पक्षांतराची एवढी सोपी तऱ्हा कुठल्याच विधानसभेला साधलेली नाही. फाउंटनच्या पदपथावर आणि दादर स्टेशनाबाहेर त्याच्या नकली प्रती ढिगाने पडलेल्या असत आणि पुढे तो मराठी अनुवादांतूनही आला. १९८९ मध्ये मायकल डॉब्ज या थॅचरबाईंच्या पक्षातल्या माजी अधिकाऱ्याने 'हाउस ऑफ कार्ड्स' लिहिली. नायक प्रतोद, म्हणजे डोकी मोजणे हाच ज्याचा धंदा. १८ नोव्हेंबर १९९० ला बीबीसीवर तिची मालिका सुरू झाली आणि त्याच आठवड्यात थॅचरबाईंनी राजीनामा जाहीर केला. दोन्ही लेखक आतले. 'सिंहासन' आणि १९७८ यांची जोडी आपण पाहिली तशीच ही जोडी, अकरा-बारा वर्षांनी.

आपल्याकडचे गणितही दरम्यान बदलत गेले. १९८५ च्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली, पण एक तृतीयांश फुटले तर ती फूट मान्य होती; २००३ मध्ये ती पळवाट बंद झाली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचीच वाट उरली. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. २८८ आमदारांत ४३ मंत्री. शिडीच्या पायऱ्या कायद्याने मोजून दिल्या, चढणारे तेवढेच राहिले. मग २३ नोव्हेंबर २०१९ ची शपथविधीची पहाट आली, शिवसेना फुटली तो २०२२ चा जून आला, आणि ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमायचा कुणी यावर पानेच्या पाने लिहिली. ट्रोलपने ती आवडीने वाचली असती. त्या दिवसांत दादरच्या फलाटावर, परळच्या काचेच्या इमारतींत, जिथे एकेकाळी साचे होते तिथल्या उपाहारगृहात, एकच वाक्य ऐकू येत होते: 'अरे, हे तर सिंहासन!' वाक्य म्हणणाऱ्या निम्म्यांचा जन्म १९७९ नंतरचा होता.

आमच्या मजल्यावरचा, कॉलेजात राज्यशास्त्र घेतलेला एक मुलगा त्याच जूनमध्ये माझी ती लालबागची प्रत मागून घेऊन गेला. 'काका, दोन दिवसांत देतो,' म्हणाला आणि दोन महिन्यांनी दिली. मी आधी समास पाहिले. मुख्यमंत्र्यांच्या ओळीत जागा उरली नव्हती, म्हणून त्याने वरच्या कोऱ्या भागात निळ्या बॉलपेनने नाव लिहून बाण काढला होता. दाभाडेंना चौथे नाव मिळाले होते. तो 'नक्की!' त्याने खोडला नव्हता, त्यापुढे नुसते एक प्रश्नचिन्ह टाकले होते. आणि पन्नासएक पानांनंतर, दिगू टिपणीसच्या नावाशेजारी, इतकी वर्षे कोऱ्या राहिलेल्या जागी, एका वाहिनीच्या वार्ताहराचे नाव होते.

'हा कशावरून?' मी विचारले.

'सगळे चॅनेल बघा काका,' तो म्हणाला, 'हसायचं कुठे ते फक्त याला कळतं.'